पांढऱ्याच्या लेकी

तुइथिआंग
९ जानेवारी १९८९

प्रिय बिआकी,

चिबाई. बसवाल्या जोवाने तुझी पिशवी पोचवली. आत मिळालं ते असं: दुधाच्या पावडरीचा डबा एक, बावीस रुपये. काळ्या लोकरीच्या गुंड्या तीन, चोवीस रुपये. खोकल्याचं औषध, अकरा. आयोडीनच्या मिठाच्या पुड्या सहा, त्यांची किंमत तू खोडून टाकली आहेस, म्हणजे महाग असणार. जोवाने पिशवीचे दोन रुपये घेतले आणि वर म्हणाला, "पी छिंगी, तुमच्याकडून म्हणून दोनच." लोकर परत पाठवते. माझा जुना स्वेटर उसवला की झामीचा नवा होतो. तुम्ही शहरातली माणसं नवं काय ते घेता.

माझ्या झामीच्या गळ्याची गाठ वाढली आणि डॉक्टर ती कापून काढायला सांगतात, हे वाचलं. मीठ बदलून आणि गोळ्या घेऊन जे होईल ते होऊ दे. सुरी नको. झामीचे बाबा हर्नियासाठी दवाखान्यात गेले ते स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. परत कसे आले ते तू पाहिलंस. मातीला तू होतीसच.

इकडची बातमी चांगली नाही. नाताळच्या गावजेवणाला यंदा आपलं डुक्कर दिलं होतं. सिल्चरहून झामीच्या बाबांनी तो पांढरा नर आणला होता ना, लांब पाठीचा, मोठ्या मांड्यांचा, त्याच्याच वंशातलं. तरुण मंडळाची पोरं न्यायला आली, दोरी बांधली, अजून सुरीला कुणी हात लावला नव्हता, तोच ते थरथरायला लागलं. अंगावर लाल चट्टे उठले. चारी पाय लाकडासारखे ताठ करून पडलं आणि गेलं. पोरं आधी हसली, मग दोरी सोडून मागे सरली. कापलं तर मांस फिकं, कुणी धुऊन ठेवल्यासारखं. परातीत ठेवलं तर खाली पाणी साचलं. उकळल्यावर निम्मंच उरलं, आणि जे उरलं ते चावायला कोरडं. पाठीवर चरबी जेमतेम अर्धं बोट. आपल्या काळ्या डुकराला चार बोटं असायची, आठवतं ना? रांगेत बसलेले म्हातारे पू तावका सगळ्यांच्या देखत म्हणाले, "छिंगी, तुझं डुक्कर आमच्याआधीच उपास धरून बसलं होतं वाटतं." सगळे हसले. मीही हसले.

साउम मुरवायला चरबी नाही. चुलीवर चरबी आंबवायचा भोपळा रिकामाच टांगला आहे, आणि साउमशिवाय भाजी म्हणजे नुसतं पाणी.

झामीला सांग, रोज मूठभर तांदूळ देवळासाठी बाजूला काढायला विसरू नकोस. शहरात असली तरी.

तुझी थोरली बहीण, तुझी ऊ,
छिंगी


ऐजॉल
२८ जानेवारी

ऊ छिंगी,

लोकर मी पुन्हा पाठवणार आहे आणि तू ती पुन्हा परत करणार आहेस. त्या भाड्यात जोवा घर बांधेल.

तुझं पत्र मी थुआमाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझ्या बहिणीच्या गावात डुक्कर मेलं तर आधी प्रार्थनासभा भरेल आणि मग जेवण. रागावू नकोस. सरकारी डुक्करपालन केंद्रात बारा वर्षं काढल्यावर माझा नवरा असंच बोलणार. त्याने विचारलं आहे की तू त्यांना काय घालतेस.

झामीबद्दल तू एका वाक्यात निकाल देऊन टाकलास. ऊ, पोरगी एकोणीस वर्षांची आहे. देवळाच्या गायकवृंदात पहिल्या रांगेत उभी राहायची. आता वरचे सूर लागत नाहीत म्हणून तिला मागे उभं केलंय. घरी आली आणि भांडी घासत बसली, धुतलेलीसुद्धा. डॉक्टर म्हणतात की गाठ आतल्या बाजूने श्वासनळीवर सरकते आहे. मीठ बदलून ती परत फिरणार नाही. ती सज्ञान असली तरी दवाखाना आईची सही मागतो. भावजी गेले ते दुखणं वेगळं होतं, हे वेगळं आहे.

झामीने तुला चिबाई सांगितलं आहे. तांदूळ ती काढते. माझ्या डब्यातला काढते, एवढं मात्र खरं.

बिआकी


तुइथिआंग
२० फेब्रुवारी

प्रिय बिआकी,

थुआमाला सांग की मी उकडलेला भोपळा, अळूची पानं, केळीचा गाभा आणि कोंडा घालते. आईनेही हेच घातलं आणि आजीनेही. खाण्यात खोट नाही.

आणखी दोन गेली. एक पिल्लं झालेली मादी होती. खुराड्याची फळी बदलायला शेजारचा आला, हातोडीचा पहिला घाव पडला आणि ती गेली. दुसरीला कुणी काही केलं नाही. दुसरीचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुला लिहिते.

झामीचे बाबा झूमच्या शेतावरून यायचे तेव्हा हातातली काठी खुराड्याच्या फळ्यांवरून ओढत यायचे. टर्र असा आवाज व्हायचा. डुकरं उठून पुढे यायची, मी चहाचं पाणी ठेवायची. ते गेल्यावर काठी दाराशीच होती. हल्ली दिवस कलला की डुकरं आपोआप उठतात, पायवाटेकडे तोंड करून उभी राहतात आणि त्यांच्या कातडीखाली काहीतरी सळसळतं. मी काठी चुलीत घातली. त्याच दिवशी, त्याच वेळेला, मी भांड्यात पाणी ओतत होते आणि फळ्यांवरून टर्र असा आवाज गेला. बाहेर आले. वाटेवर कुणी नव्हतं. मादी पाय ताठ करून पडलेली. हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं.

शेजारची पी चुआई म्हणते की जुन्या काळी माणूस गेला की त्याच्या नावाने एक जनावर मारायचे, त्याचा जीव वाटेवर सोबत जायचा. तुझ्या नवऱ्याला तू मोकळ्या हाताने पाठवलंस, म्हणून तो आपली डुकरं न्यायला येतो. मी तिला चहा दिला. आपण ख्रिस्ती आहोत, मी महिला मंडळाची चिटणीस आहे, मी काय बोलणार? पण ती गेल्यावर मी दार लावून घेतलं.

आणि सुरीचं म्हणशील तर ऐक. झामीच्या बाबांची धाकटी बहीण लहानपणी झाडावरून पडली, हात मोडला. मिशनच्या दवाखान्यात हाड बसवायला नेली ती उठलीच नाही. हात मोडून कुणी मरतं का? माझी सासू म्हणायची की या घरातल्या माणसांना सुरी सोसत नाही. मी तेव्हा नवी सून होते, मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं.

झामीची चाल बापाची, पोटऱ्या बापाच्या, भुवयाही त्यांच्याच. ते आपल्या माणसांना न्यायला येत असतील तर डुकरांवर भागू दे. मी सही करणार नाही.

छिंगी


ऐजॉल
१४ मार्च

ऊ छिंगी,

तुझं पत्र झामीला दाखवलं नाही. ती आता आडवी झोपू शकत नाही. भिंतीला टेकून, उशा लावून बसल्या बसल्या झोपते, आणि तिच्या श्वासाची शिटी मला पलीकडच्या खोलीत ऐकू येते. ती शिटी थांबली की मी उठून बसते.

मला एक खरं सांग. पैशासाठी नको म्हणतेस का? तसं असेल तर तसं लिही. मी बांगड्या मोडीन, थुआमा काही म्हणणार नाही. पण मेलेल्या माणसाच्या नावावर ढकलू नकोस. भावजींनी आयुष्यात कुणाच्या मुलाला रडवलं नाही, ते स्वतःच्या मुलीचा गळा कशाला धरतील? तुला एकटं राहून राहून असं वाटायला लागलंय. पी चुआईला चहा देणं बंद कर.

थुआमाने या वेळी थट्टा केली नाही. दोनदा वाचलं आणि विचारलं, "त्या माद्या कुठून आणल्या?" ते तेवढं लिही.

बिआकी


तुइथिआंग
२७ मार्च, ईस्टरचा दुसरा दिवस

प्रिय बिआकी,

पैशाचं विचारलंस ते बरं केलं नाहीस. मी लोकर परत करते ती लोकर आहे म्हणून. मुलगी परत करत नाही.

झामी बसून झोपते हे वाचल्यापासून मीही बसूनच झोपले. काल प्रार्थनेत देवळातले वडीलधारे उपा रोथांगा माझ्या शेजारी येऊन बसले. माणूस देवाच्या हाती देतो म्हणतो आणि मूठ उघडत नाही, हे मला तिथे बसून कळलं. सहीचा कागद सोबत आहे. तारीख ठरली की कळव. मला आधी कळू दे, झाल्यावर नको.

माद्यांचं विचारलं आहे ते सांगते. पांढरा आला तेव्हा आसपासच्या गावांत तसा नर कुणाकडेच नव्हता. लोक माद्या घेऊन यायचे. फळवण्याचे पैसे आपण कुणी घेत नाही, तुला रीत माहीत आहे, वीण झाली की नरवाल्याला एक पिल्लू. झामीचे बाबा पिल्लू निवडायला स्वतः जायचे, मांडीने भरलेली, लांब पाठीची मादीच निवडायचे. हाताने पाठ चाचपून म्हणायचे, "हिच्यात पांढरा उतरलाय." अशा घराघरातून आणलेल्या माद्यांनी खुराडं भरलं. त्या वाढल्या की पुन्हा पांढऱ्याकडेच. दुसरा नर होता कुठे? त्यांना त्याचं फार कौतुक. सगळं गाव त्यांचं नाव घेऊन म्हणायचं की छुनरूमाच्या खुराड्यात एकसारखी वीस डुकरं उभी असतात, साच्यातून काढल्यासारखी.

आता सहा उरली आहेत. रोज उठून पायवाटेकडे पाहतात. मी त्या वेळेला घरात थांबत नाही, देवळात जाऊन बसते.

छिंगी


ऐजॉल
५ एप्रिल

माझी चांगली ऊ,

कागद मिळाला. झामीने तो दोन्ही हातांत धरून ठेवला आणि मग मला मिठी मारली. तारीख मिळाली: गुरुवार, तेरा एप्रिल, सकाळी. डॉक्टर चांगले आहेत, गाठी काढण्यात त्यांचा हात बसलेला आहे. गायकवृंदातल्या पोरी आदल्या दिवशी दवाखान्यात येऊन गाणार आहेत. झामी म्हणाली, मला गाता येत नाही म्हणून मला ऐकवायला येताय होय, थांबा, महिन्याने दाखवते. किती दिवसांनी तिच्या तोंडून असं काही ऐकलं.

आता डुकरांचं, म्हणजे तुझ्या मनातलं एक ओझं उतरेल. थुआमा तुझं पत्र वाचून मांडीवर थाप मारून म्हणाला, "तुझ्या भावजींनी पांढऱ्याच्या लेकी पांढऱ्यालाच दिल्या." ऊ, ते भूत नाही, रक्तातला दोष आहे. परदेशातल्या काही जाती माणसांनी अशा निवडून वाढवल्या की अंगावर मांसच मांस, चरबी नाही. पण ज्या रक्ताने मांड्या भरतात त्यातच कधीकधी हा दोषही असतो. एका बाजूने आला तर दिसत नाही. बापाकडून आणि आईकडून, दोन्हीकडून आला की पिल्लू घाबरलं, पळालं, ओढलं गेलं की अंग आतून पेटतं, ताठ होतं आणि मरतं. मांस फिकं आणि पाणी सुटणारं होतं तेही त्यानेच. भावजींनी प्रत्येक वेळी सगळ्यात भरलेली निवडली, म्हणजे नकळत दोषच निवडत गेले. पांढरा विकून टाक आणि कुणाकडून तरी आपला काळा नर आण, दोन विणींत चरबी परत येईल, असं थुआमा म्हणतो.

थुआमा मागे खाली मैदानी मुलखात प्रशिक्षणाला गेला होता, तिथे हे ओळखायची युक्ती पाहिली. लहान पिल्लाच्या नाकावर मुखवटा धरतात आणि माणसांना ऑपरेशनच्या वेळी हुंगायला देतात तोच भुलीचा वायू देतात. चांगलं पिल्लू झोपतं आणि थोड्या वेळाने उठून दूध प्यायला जातं. ज्याच्यात दोष असतो त्याचे पाय ताठ होतात, जबडा मिटतो, अंग तापायला लागतं. लगेच मुखवटा काढला तर वाचतं. थुआमाने स्वतः आडवं होऊन ते पिल्लू कसं ताठ होतं ते करून दाखवलं, जेवणाच्या पाटावर, मुलं हसून लोळली.

तेव्हा आता निवांत झोप. डुकरं कुणी नेत नाही.

बिआकी


तुइथिआंग
१० एप्रिल, सोमवार

बिआकी,

तुझं पत्र आज दुपारी आलं. हे तू उभ्याने वाच आणि वाचून झाल्यावर बसू नकोस, दवाखान्यात जा.

झामीच्या बाबांचं मी तुला अर्धंच सांगितलं होतं. दवाखान्यातल्या लोकांनी हृदय थांबलं म्हणून सांगितलं आणि मीही सगळ्यांना तेच सांगितलं. पण मला आत बोलावलं तेव्हा ते अजून जिवंत होते. पोटाला अजून सुरी लागलेली नव्हती. नुसतं हुंगायला दिलं होतं. त्यांचा जबडा इतका घट्ट मिटलेला होता की परिचारिकेला तो उघडत नव्हता. पाय लाकडासारखे. छातीवर लाल चट्टे. त्या भल्या माणसांनी बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं, खिडक्या उघडल्या, जे सुचलं ते सगळं केलं. अंगावर ओतलेलं पाणी खाली गरम होऊन येत होतं. ते गेल्यावर ट्रकमधून घरी आणताना मी त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसले होते. सगळ्या वाटेत ते कपाळ गार झालं नाही.

घरी आल्यावर मी घाईने शाल गुंडाळली आणि कुणाला हात लावू दिला नाही. तुम्ही सगळे बाहेर बसून गात होता. माणूस मेल्यावरही तापलेला आहे असं दिसलं असतं तर म्हाताऱ्यांनी काय काय म्हटलं असतं ते तुला माहीत आहे. म्हणून मी बोलले नाही. डुक्कर तापून मेलं तेव्हा माझ्या हाताने ते ओळखलं होतं, पण मी ते ओळखणं भुतावर घातलं. तुझं पत्र वाचलं आणि थुआमाचं ते पिल्लू माझ्या डोळ्यांसमोर आडवं झालं. ते पिल्लू नव्हतं.

आणि त्यांची बहीण. मोडलेला हात बसवताना दुखू नये म्हणून तिलाही काहीतरी हुंगवलं असणार.

मी दहावी झालेली बाई. डुकराचं माणसाला लागतं का हे मला ठाऊक नाही. लागत नसेल तर डॉक्टर हसतील, हसू देत. पण तू त्यांना शब्दन् शब्द सांग: बाप आणि आत्या, दोघंही सुरीने नाही, भुलीने गेले. बाप ताठ झाला, जबडा मिटला, अंग पेटलं. मुलगी बापाच्या अंगाची आहे. तो वायू तिला देऊ नका. भूल द्यायचा दुसरा उपाय असेल तर तो करा. इथे नसेल तर थांबा, मैदानी मुलखातल्या मोठ्या दवाखान्यात नेऊ, मी सही करते. थुआमाला सोबत ने. त्याने मुखवट्याचं डोळ्यांनी पाहिलं आहे, तो सांगेल तर ऐकतील. त्याला सांग, पाटावर केलं तसं त्यांच्यासमोर करून दाखव.

झामीला किती सांगायचं ते तू ठरव. ती घाबरली तर श्वास आणखी अडेल.

तार करायला माणूस पाठवला होता. गेल्या आठवड्याच्या वादळाने तारा तुटल्या आहेत. टपालाची जीप उद्या पहाटे निघते, ती बुधवारी संध्याकाळी तुमच्याकडे पोचेल. ती माणसं घेत नाही. मी ड्रायव्हरचे पाय धरले तरी घेतलं नाही, पण पत्र तुझ्याच हातात देईन असं बायबलवर हात ठेवून म्हणाला आहे. मी बुधवारच्या बसने निघते. बस गुरुवारी दुपारनंतर पोचते, म्हणजे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

आज संध्याकाळी मी देवळात गेले नाही. डुकरं उठली आणि वाटेकडे पाहत उभी राहिली. मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले. टर्र असा आवाज आला, फळीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत, आणि माझ्यापाशी थांबला. मी म्हटलं, "कळलं मला, तुम्ही न्यायला नाही, सांगायला येत होता. आता तिच्याकडे जा, माझ्याकडे नको." हे पाप असेल तर प्रभू मला क्षमा करो. एकही डुक्कर पडलं नाही.

तीच जीप गुरुवारी दुपारी परत फिरते, आणि सेलिंगच्या चहाच्या टपरीवर आमची बस तिला भेटते. ड्रायव्हरला मी ओळखते, तो माझ्यासाठी थांबेल. त्याच्याजवळ चिठ्ठी दे. ऑपरेशन थांबवलं असेल तर "थांबवलं" एवढंच लिही. दुसरी भूल देऊन झालं असेल आणि ती उठली असेल तर "उठली" लिही. आणि यांतलं काहीच लिहायला नसेल, तरी ते तुझ्या हाताने लिही, ड्रायव्हरच्या तोंडी पाठवू नकोस. मी टपरीवर उभी असेन. उलट जीपने कळव.

छिंगी